सूचीत नसलेला माळ

फोटोत बाग होती. जमिनीवर नव्हती.

वळसंगच्या पुढे जीप थांबवून मी अर्धा तास उन्हात उभी होते. हातात ट्रेसिंग पेपर, गळ्यात दुर्बीण आणि समोर गवत. पोटरीला लागणारं, तुऱ्यावर आलेलं गवत, नजर पोचेल तिथपर्यंत. माझ्या ट्रेसिंगवर मात्र नेमक्या याच जागी हिरव्या पेन्सिलीने 'बाग' असं लिहिलेलं होतं. अक्षर माझंच होतं.

"रस्ता चुकलो का आपण, महबूबभाई?"

महबूबभाई आमचे ड्रायव्हर. मूळचे सोलापूरचेच, म्हणून ऑफिसातल्या साहेबांनी मुद्दाम त्यांना दिलं होतं. त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं.

"रस्ता बराबर है मॅडम. बागच नै इदर. कबी थी बी नै."

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली आहे. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी पुण्याच्या एका ऑफिसात विमानातून काढलेले फोटो वाचायचं काम करत होते. फोटो वाचायचे म्हणजे काय, ते सांगते. विमान एका रेषेत उडत जातं आणि खालच्या जमिनीचे फोटो काढत जातं. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा अर्ध्याहून जास्त भाग पुन्हा येतो. असे दोन फोटो शेजारी ठेवून स्टिरिओस्कोप नावाच्या दोन भिंगांतून पाहिले, की टेकड्या वर उठतात, ओढे खाली जातात. मग रंगाचा गडदपणा, पोत, आकार यांवरून ओळखायचं: हे जंगल, हे शेत, हे पाणी. फोटो काळेपांढरे. सगळी करड्या रंगाची भाषा.

त्या वेळी देशभरातल्या नैसर्गिक अधिवासांचा नकाशा तयार करायचं काम चालू होतं. अधिवास म्हणजे प्राण्यांचं आणि वनस्पतींचं राहण्याचं ठिकाण. कुठे काय शिल्लक आहे हे कळलं, तर काय वाचवायचं ते ठरवता येईल, असा विचार. देशाचे चौकोन पाडलेले होते. एका चौकोनाला एक शीट. सोलापूरचं शीट माझ्याकडे होतं. शीटवर काय काय दाखवायचं याची सूची वरून आलेली होती: घनदाट वन, विरळ वन, झुडपी वन, बाग, शेती, पाणथळ, पडीक. सात रंग. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हेच सात.

शीट पूर्ण झालं की फील्ड चेक. म्हणजे निवडक जागी जाऊन, आपण फोटोत जे पाहिलं ते खरोखर तिथे आहे का ते बघायचं. बाई माणसाला जीपमधून एकटीला पाठवायचं की नाही यावर ऑफिसात चार दिवस चर्चा झाली होती. शेवटी आमच्या विभागाचे प्रमुख करंदीकर साहेब म्हणाले, "शीट त्यांनी केलंय. चुका त्यांच्या त्यांनाच दिसू देत."

आणि पहिल्याच दिवशी दिसली.

मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या. मागोमाग माणूस. साठीच्या आतबाहेरचा, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. त्याने आधी जीपकडे पाहिलं, मग माझ्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे, आणि थांबला.

"शिकारीला आलाय काय?"

"नाही हो. नकाशा तपासायला आलेय. इथे पूर्वी बाग होती का?"

"बाग? हितं?" तो हसला. "माझ्या बापानं बगितली न्हाय, म्या बगितली न्हाय. तुमाला कुनी सांगिटलं?"

त्याचं नाव मायप्पा. माळाच्या कडेला दहा-बारा घरांची धनगरवाडी होती, तिथला. बोलणं मराठी, पण मेंढरांना हाक मारायचा ती कानडीत.

आता मी जे केलं ते नियमाला सोडून होतं. विमानातले फोटो गोपनीय असायचे. कुलपाच्या पेटीतून न्यायचे, सही करून काढायचे, सही करून ठेवायचे, बाहेरच्या माणसाला दाखवायचे नाहीत. मी पेटी उघडली. जीपच्या बॉनेटवर दोन फोटो ठेवले. त्यांच्यावर खिशातला स्टिरिओस्कोप उभा केला. तारेच्या पायांचा, चष्म्याएवढाच असतो तो.

"यातून बघा."

महबूबभाई दुसरीकडे बघायला लागले. त्यांना नियम माहीत होता.

मायप्पा वाकला. भिंगांना डोळे लावून बघत राहिला. मग एकदम मागे सरला.

"आरं, ह्ये वर आलं की!"

"काय?"

"बिरोबाची टेकडी." तो पुन्हा वाकला. आता त्याचं बोट फोटोवर फिरायला लागलं. "ह्यो वडा. ह्ये आमचं पानी प्यायाचं ठिकान. हितं बाभळ हुती, ती दुष्काळात तोडली. ही वाडी. माझं घर लई बारीक दिसतंय की."

मला स्टिरिओस्कोपची सवय व्हायला दोन महिने लागले होते. त्याला दोन मिनिटं लागली. कारण साधं होतं. मी फोटोतून जमीन शोधत होते. त्याला जमीन पाठ होती.

मी त्याचं बोट धरून माझ्या 'बागे'वर नेलं. तिथे बारीक गडद ठिपके होते. सरळ ओळींत, सारख्या अंतरावर. आमच्या धंद्यात असे ठिपके दिसले की बाग समजायची. डाळिंब, लिंबू, आंबा, काहीही. निसर्ग ओळीत झाडं लावत नाही.

"हे काय आहे?"

त्याने पाहिलं. मग म्हणाला, "ह्ये खड्डं हायती."

"कसले खड्डे?"

"झाडं लावायचं. कुटली तर योजना आल्ती. म्या सोता खांदल्यात त्यातलं. कडुलिंब लावला, शिरस लावला. एक उनाळा न्हाय काडला बगा."

आम्ही तिथे चालत गेलो. गवतात पाय घातल्याशिवाय दिसत नव्हते, पण होते. ओळीत, सारख्या अंतरावर, निम्मे बुजलेले उथळ खड्डे. आसपास सगळीकडे गवत, खड्ड्यांमध्ये मात्र तरवडाची झुडपं आणि टाकळ्याचं तण. फोटो सात-आठ वर्षांपूर्वीचा. त्याच्याही आधी खणलेल्या खड्ड्यांवर गवत अजून परतलं नव्हतं. मायप्पाने काठीने एका खड्ड्याची कड उकरली. चार बोटं माती, आणि खाली पिवळा मुरूम. काठी आत जाईना.

"गवताला येवडी माती पुरतीया," तो म्हणाला. "झाडाला न्हाय पुरत."

मी ट्रेसिंगवरचा 'बाग' हा शब्द खोडला. आता तिथे लिहायचं काय? सूचीत बघितलं. वन नाही. झुडपी वन नाही. शेती नाही. मग उरतं ते पडीक. खरं तर या 'बागे'च्या चारी बाजूंना मी आधीच पडीक लिहिलेलं होतं. सगळा माळच पडीक. मी तेच लिहायला पेन्सिल टेकवली.

"काय लिवताय?" मायप्पाने विचारलं.

"पडीक."

"पडीक म्हंजे?"

"म्हणजे काही उगवत नाही, काही उपयोगाची नाही अशी जमीन."

तो रागावला नाही. त्याला ते नीट समजलंच नाही. त्याने मेंढरांकडे पाहिलं, गवताकडे पाहिलं. मग मला म्हणाला, "चला."

त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस मी त्याच्यामागून चालले. मला जो एकच माळ दिसत होता त्यात त्याला पाच माळ दिसत होते. टेकडीच्या पाठीवर कुसळी. उतारावर पवन्या. खोलगट भागात मारवेल, ती दुभत्या जनावराला. कुठलं गवत कुठल्या महिन्यात चारायचं, कुठलं राखायचं, कुठे मेंढरं बसवायची नाहीत, सगळं ठरलेलं. कुठे चिंकारा येतो, कुठे खोकडाचं बीळ आहे, लांडगा कुठल्या घळीतून उतरतो तेही. लांडग्याबद्दल तो शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलायचा. "न्हेतंय वरसाला येकांदं कोकरू. त्याला बी खायाला पायजेच की."

मी रात्री रेस्ट हाऊसवर येऊन त्याने सांगितलेल्या सीमा फोटोंशी ताडून बघायची. करड्या रंगाच्या ज्या छटा मी उन्हाची तिरीप म्हणून सोडून दिल्या होत्या, त्या त्याच्या गवतांच्या सीमा होत्या. जवळजवळ तंतोतंत. म्हणजे फोटोत सगळं होतं. मला ते वाचता आलं नव्हतं, कारण सूचीत त्याला नाव नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो एका ठिकाणी थांबला आणि त्याने मला हाताने खाली बसवलं.

"हितनं म्होरं न्हाय."

मी दुर्बीण लावली. आधी काही दिसेना. मग गवतात एक मान उभी राहिली. लांब, करडी मान, वर काळी टोपी. ती हळूच वळली आणि पुन्हा खाली गेली.

"हूम," तो कुजबुजला. माळढोकाला तिकडे हूम म्हणतात. "मादी हाय. अंड्यावर बसलीया. येकच अंडं घालती, ते बी उगड्या भुईवर. घरटं न्हाय, काय न्हाय."

मी पुस्तकात माळढोक पाहिला होता. कमरेएवढा उंच, वजनाला दांडगा, आणि देशात फार थोडे उरलेले. त्याला चारी बाजूंना मोकळं दिसावं लागतं. जवळपास झाडी वाढली की तो ती जागा सोडतो. हे सगळं मला ठाऊक होतं. पण तो माझ्या शीटवर, माझ्या पडीकात बसलेला असेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

"ह्ये कागदावर मांडनार काय?" मायप्पाने विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत तोच म्हणाला, "मागं येक सायेब आल्ता. पक्षी दाव म्हनला. म्या दावला. दुसऱ्या दिशी बंदूक घिऊन आला." तो गवताचं पातं मोडत राहिला. "तुमी बी सायेबच हाय म्हना."

"जागा मांडणार नाही," मी म्हटलं. "शब्द देते."

परत येताना माळाच्या पूर्वेच्या कडेला माणसं दिसली. वीस-पंचवीस बायका, कुदळी-पहारी घेऊन. ओळीत खड्डे खणत होत्या. सारख्या अंतरावर.

मी जीप तिकडे घ्यायला लावली. कामावर देखरेख करणारे वनखात्याचे रेंजर तिथे खुर्ची टाकून बसले होते. पवार नाव. चाळिशीचे, सभ्य. मी ओळख सांगितल्यावर त्यांनी खुर्ची मला दिली आणि स्वतः दगडावर बसले.

"झाडं लावायची आहेत इथे?" मी विचारलं.

"हो. पुढच्या पावसात. ही पट्टी झाली की आत सरकायचं. सगळा माळ घ्यायचाय." मग म्हणाले, "खरं तर तुमच्याच शीटची वाट बघतोय. पडीक म्हणून रंग आला की पुढच्या टप्प्याला मंजुरी."

म्हणजे मी पेन्सिलीने जो शब्द लिहिणार होते, त्यावर हे सगळं चालणार होतं.

मी त्यांना जुन्या खड्ड्यांबद्दल सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं. ते सोलापूरला येऊन वर्षच झालं होतं. त्यांनी एका बाईची पहार घेतली आणि माझ्याबरोबर आले. एका जुन्या खड्ड्यात त्यांनी स्वतः तीनदा पहार हाणली. मुरमावर ठिणगी उडाली. ते तिथेच उकिडवे बसले.

"मला वर्षाच्या शेवटी झाडं मोजून दाखवावी लागतात, मॅडम," ते म्हणाले. "गवत कोण मोजणार? गवत मी लावलं असं तरी कसं म्हणू?"

"पण जगणार नाहीत ती झाडं."

"दिसतंय की मला." मग पहार खाली ठेवून म्हणाले, "ओढ्याकाठी माती आहे. तिथे जगतील. पण माझ्या कागदात ओढा नाही. तुम्ही तुमच्या कागदात आणा. मग मला बोलता येईल."

आम्ही बोलत असताना एक बाई जवळ येऊन उभी राहिली होती. पवार तिला नागूबाई म्हणाले. त्या टोळीतली पुढारी असावी. तिने पवारांना सोडून मला विचारलं.

"बाई, तुमी काम बंद कराया आलाय व्हय?"

"नाही... म्हणजे, इथे झाडं जगणार नाहीत."

"झाडं न जगूंदेत. आमी जगायचं का न्हाय?" आवाज चढलेला नव्हता. ती खरंच विचारत होती. "दुष्काळात हेच काम हुतं म्हून पोरं वाचली. आता तुमी म्हनताय हितं पक्षी हाय."

मी पक्ष्याचं नाव काढलं नव्हतं. पण दुर्बीण घेऊन तीन दिवस माळावर फिरणारी बाई कशाला आली असेल, ते लोकांनी ओळखलं होतं.

"काम ओढ्याकाठी निघेल," पवार म्हणाले.

"वडा दोन कोस हाय सायेब. जायाचं कवा, यायाचं कवा, सैपाक कवा करायचा?"

मी चार वर्षं नकाशे करत होते. नकाशातल्या जागेवर उभं राहून कुणी मला प्रश्न विचारण्याची ती पहिली वेळ.

पुण्याला परत आल्यावर मी करंदीकर साहेबांसमोर शीट ठेवलं. साहेब कडक होते. त्यांच्या पेन्सिली टेबलावर लांबीच्या क्रमाने लावलेल्या असत. त्यांनी शीट पाहिलं आणि बोट ठेवलं.

"इथे रंग नाही."

"सूचीत त्याला वर्ग नाही, सर. आठवा वर्ग लागेल. नैसर्गिक गवताळ माळ."

"कदमबाई, सूची सगळ्या देशाची आहे. एका सोलापूरसाठी बदलायची?"

"एकट्या सोलापूरची गोष्ट नाही. शेजारच्या सगळ्या शीटांवर आपण माळाला पडीकच म्हटलंय."

हे त्यांना आवडलं नाही. कारण ती शीटं छापायला गेली होती.

"पुरावा?"

मी माळढोकाचं सांगितलं. ते ताठ बसले. "मग पॉइंट टाका. पक्षी कुठे पाहिला तिथे खूण करा. एक पॉइंट सात पानी अहवालापेक्षा जास्त बोलेल."

"पॉइंट टाकणार नाही, सर."

"का?"

"शीट छापून निघाल्यावर कुणाच्या हातात जाईल ते आपल्याला माहीत नाही. आणि पॉइंट टाकला तर लोक तेवढाच तुकडा वाचवतील. पक्षी पुढच्या वर्षी एक मैल पलीकडे बसेल. त्याला सगळा माळ लागतो."

"मग तुमचा पुरावा म्हणजे कुणा मेंढपाळाचा शब्द?"

"त्याने फोटोत खड्डे ओळखले. मी बाग म्हटलं होतं."

मला माझी चूक कळली, पण उशिरा.

"फोटोत ओळखले," साहेब सावकाश म्हणाले. "म्हणजे तुम्ही फोटो दाखवला."

"हो."

"नियम माहीत आहे?"

"माहीत आहे, सर."

त्यांनी मला जायला सांगितलं. संध्याकाळी मेमो आला. गोपनीय साहित्य अनधिकृत व्यक्तीस दाखवल्याबद्दल खुलासा करावा. मी खुलासा लिहिला. एकाच वाक्यात: दाखवला, कारण वाचता येणारा दुसरा कुणी तिथे नव्हता. आमच्या हेडक्लार्कनी तो वाचून कपाळाला हात लावला आणि सांगितलं, घरी बसायची तयारी ठेवा. खरं सांगायचं तर मी तीन दिवस घाबरलेली होते. घरात नोकरी करणारी मी एकटी होते.

चौथ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. टेबलावर मोठा स्टिरिओस्कोप आणि त्याखाली माझे ते दोन फोटो. ते भिंगातून बघत होते. मान वर न करता म्हणाले, "हे ठिपके."

"हो सर."

"त्यांना सावली नाही."

झाडाला उंची असते, म्हणून फोटोत त्याच्या शेजारी सावली पडते. खड्ड्याची सावली त्याच्या आतच राहते. शिकाऊ माणसालाही पहिल्या आठवड्यात हे शिकवतात. ओळी दिसल्या म्हणून मी सावली बघितलीच नव्हती.

"याला बाग कुणी म्हटलं?"

"मी."

"आणि तपासून सही कुणी केली?"

याचं उत्तर मी देणं बरं दिसलं नसतं. त्यांनी भिंगावरून डोकं उचललं आणि स्वतःच दिलं.

"मी केली."

त्यांनी त्याच दिवशी वर पत्र लिहिलं. आठव्या वर्गाची मागणी, बरोबर माझे गवतांचे तक्ते आणि जुन्या खड्ड्यांचा उल्लेख. माळढोकाबद्दल एकच ओळ: पक्ष्याचे वास्तव्य आढळले, स्थान संरक्षणाच्या कारणास्तव दिलेले नाही. मेमो मागे घेतला नाही. तो माझ्या फाइलमध्ये निवृत्तीपर्यंत होता. पण त्याच्याखाली त्यांनी हाताने लिहिलं होतं, "खुलासा समाधानकारक."

मंजुरी यायला बरेच महिने गेले. शेजारच्या शीटांची छपाई थांबली. सगळं पडीक पुन्हा तपासायचं ठरलं आणि ते काम ज्यांच्यावर आलं त्या माझ्या सहकाऱ्यांनी महिनाभर माझ्याशी धड बोलणं सोडलं. शेवटी सोलापूरचं शीट निघालं. माळाला फिका पिवळा रंग. ओढ्याकाठच्या पट्ट्या 'लागवडीस योग्य' म्हणून वेगळ्या. पवारांनी त्यावर बोट ठेवून पुढचा टप्पा ओढ्याकडे वळवला. माळावरचं खणणं पूर्वेच्या पट्टीपाशीच थांबलं. ओढ्याकाठी लावलेली झाडं जगली असं त्यांचं पत्र आलं. त्याच पत्रात होतं की नागूबाईंच्या टोळीतल्या निम्म्याच बायका तिकडे जातात, बाकीच्यांना लांब पडतं.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती सगळ्यांना मिरवत सांगितली असती.

दोन-तीन वर्षांनी माळाला संरक्षण द्यायचं ठरलं. सीमा कुठली धरायची? माझ्या शीटवर पिवळ्या रंगाभोवती रेघ होतीच. तीच धरली. आता हिशोब बघा. त्या शीटवर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अडीच किलोमीटर. माझ्या पेनाची रेघ अर्धा मिलिमीटर जाड. म्हणजे जमिनीवर सव्वाशे मीटर रुंद. देशाच्या नकाशाला तेवढं चालतं. रेघ 'साधारण इथवर' एवढंच सांगत असते. पण त्या सव्वाशे मीटरच्या आत मायप्पाची वाडी होती, विहीर होती आणि मेंढरांचं पाणी प्यायचं ठिकाण होतं. वाडी आत की बाहेर, हे कुणालाच सांगता येईना. मग माळावर नेमलेल्या राखणदाराने सोपं केलं. सगळंच आत धरलं आणि मेंढरं अडवली.

मला हे पवारांच्या पत्रातून कळलं. मी रजा काढून गेले. मायप्पा वाडीबाहेर भेटला. मेंढरं निम्म्यावर आली होती.

"तुमी जागा मांडली न्हाय," तो म्हणाला. "सबूद पाळला. पर आमाला मांडलं की वो."

त्याचं खरं होतं. त्याने दाखवलं म्हणून मला माळ कळला होता. गवतं लिहिली, लांडगा लिहिला, चिंकारा लिहिला. तो माळ इतकी वर्षं राखून कोण चारत होतं, ते कुठेही लिहिलं नव्हतं. सूचीत माणसाला रकाना नव्हता, आणि या वेळी तो मागायचं मला सुचलं नव्हतं.

करंदीकर साहेबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी मोठ्या प्रमाणाचा नकाशा करायला परवानगी मिळवून दिली, ज्यात एकेक विहीर दिसते. पवार, मायप्पा आणि मी, आम्ही सीमा पायी चाललो. तीन दिवस लागले. मायप्पा पुढे, त्याच्यामागे पवार आणि मोजणीची साखळी, मागे मी वही घेऊन. वाडी, विहीर आणि पाण्याचं ठिकाण बाहेर आलं. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात चराईला मोकळीक मिळाली. पावसाळ्यात, माळढोकाच्या विणीच्या महिन्यांत, मिळाली नाही. त्यासाठी मी भांडले नाही, कारण मेंढरांच्या पायाखाली अंडं येतं हे मायप्पाच मला म्हणाला होता. ते चार महिने तो कळप घेऊन राज्याच्या सीमेपलीकडे कानडी मुलखात जाऊ लागला. पूर्वी जात नव्हता. त्याच्या बायकोला ते कधीच पटलं नाही, आणि मी गेले की ती चहा द्यायची पण बोलायची नाही.

माळावर हूम पुढे बरीच वर्षं दिसत राहिले. मायप्पा पोस्टकार्ड लिहून घ्यायचा कुणाकडून तरी. त्यात किती दिसले एवढंच असायचं.

त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत पुष्कळ शीटं केली आणि पुष्कळ नवी माणसं शिकवली. सावली बघा, हे मी सगळ्यांना पहिल्या दिवशी सांगायची. दुसऱ्या दिवशी सांगायची की शीट भरायच्या आधी तिथे चालून या, आणि तिथे कुणाची जनावरं चरतात, कोण पाणी भरतं, कोण कामाला येतं, ते नावानिशी विचारा. छापील सूचीत त्याला जागा नसेल. शीटच्या मागे पेन्सिलीने लिहा. साहेबांनी विचारलं तर माझं नाव सांगा.